वेफर्सला चालते, केळीला नाही : विजेच्या पिकअपसोबत चौदा महिने

गाडी गल्लीत आणली तेव्हा ओट्यावर बसलेल्या आबांनी विचारलं, "कामून रे भो, ढकलत आणली का?" चूक त्यांची नव्हती. आवाजच नव्हता. वीस वर्षं आमच्या गल्लीनं पिकअप म्हणजे आधी धडधड, मग धूर, मग गाडी, हा क्रम पाहिला आहे. ही गाडी मात्र थेट त्यांच्या काठीजवळ येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मी वळणावर हॉर्न दिल्याशिवाय वळत नाही. बैल बुजत नाहीत, हा फायदा. कुत्री उठत नाहीत, हा तोटा.

मी फैजपूरचा. घरामागच्या शेडमध्ये केळी वेफर्सचं छोटं युनिट आहे. माल सावदा, रावेर, यावल, भुसावळ आणि आठवड्यातून दोनदा जळगावला जातो. भावाची केळी आहे, म्हणजे घर तसं दोन्ही बाजूंनी केळीवरच. डिसेंबर २०२४ मध्ये जुनी डिझेल गाडी विकून विजेची घेतली. आजपर्यंत २६ हजार किलोमीटर झाले. रोज कुणी ना कुणी विचारतो, "भाऊ, घेऊ का?" प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बसून लिहितो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर डीलर ओळखीचा, रोज समोर येतो. दुसरं म्हणजे मला ज्या अडचणी आल्या त्यातल्या बहुतेक एका कंपनीच्या नाहीत, या मापाच्या सगळ्याच गाड्यांच्या आहेत. एवढं सांगतो की बॅटरी वीस-बावीस युनिटांची आहे, वजनाचं पासिंग पाऊण टनाच्या आतबाहेर, मागे बंद बॉडी, नंबरप्लेट हिरवी आणि त्यावर पिवळी अक्षरं. सगळं धरून साडेनऊ लाखांत दारात उभी राहिली. महाराष्ट्रात विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, ते पैसे पासिंगच्या वेळी वाचले. थर्ड पार्टी विम्यातही १५ टक्के सूट मिळते.

पहिला धडा गाडीनं नाही, जमिनीनं शिकवला. डीलरचा मुलगा सांगून गेला होता, "काही लागत नाही भाऊ, पंधरा अँपियरचं सॉकेट असलं की झालं." रात्री चार्जर लावला तर लाल दिवा. काढला, लावला, पुन्हा लाल. दुसऱ्या सॉकेटला लावला, तोच लाल. सकाळी आमचा इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावला आणि हसला. म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे अर्थिंग फक्त नावाला आहे." तिसरी वायर भिंतीत जाऊन कुठे संपली होती ते घर बांधणाऱ्यालाही आठवत नसेल. मिक्सर, फ्रिज, वेफर्सची कटाई मशीन, सगळं इतकी वर्षं बिनतक्रार चाललं. या चार्जरला मात्र खरी जमीन लागते. मग शेडच्या कोपऱ्यात आठ फूट खड्डा, तांब्याची पट्टी, मिठाचे आणि कोळशाचे थर, वर पाणी घालायला पाईप. त्यासोबत मीटरपासून जाड वायर आणि वेगळा एमसीबी. सगळे मिळून १८ हजार. हा खर्च कोणत्याच जाहिरातीत नसतो. तुमच्या गावातलं घर तीस वर्षांपूर्वीचं असेल तर गाडी बुक करण्याआधी अर्थिंग मोजून घ्या.

आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. एप्रिलमध्ये आमची माती अशी सुकते की मीठ-कोळसा असूनही चार्जर पुन्हा लाल. बादलीभर पाणी ओतलं की दहा मिनिटांत हिरवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन रात्री जागून कळलं.

दुसरा धडा बिलाचा. सुरुवातीचे दोन महिने मी गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली, कारण सॉकेट अंगणात होतं. घरगुती दराचे टप्पे असतात हे आपल्याला पाठ असतं, पण गाडी त्या टप्प्यांचं काय करते हे बिल आल्यावर कळतं. आमचं घर महिन्याला १८०-१९० युनिटांचं. गाडी त्यावर चारशे घालते. म्हणजे गाडीचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात. वहन आकार, वीज शुल्क, सगळं धरून मला ते साडेसोळा रुपयांच्या आसपास पडलं. शेडमधलं कारखान्याचं मीटर वेगळं आहे, तिथे सगळे आकार धरून साडेनऊ. एकाच गाडीत, एकाच घराच्या दोन भिंतींतून भरलेली वीज, आणि दरात सात रुपयांचा फरक. तिसऱ्या महिन्यात चार्जर शेडमध्ये गेला.

मीटरमधून शंभर किलोमीटरला २२ ते २३ युनिट जातात. म्हणजे कारखान्याच्या मीटरवर शंभर किलोमीटर सव्वादोनशे रुपयांच्या आत. घरच्या वरच्या टप्प्यात पावणेचारशे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट जीएसटीसकट वीसच्या आसपास, म्हणजे साडेचारशे. आणि माझी जुनी डिझेल गाडी लिटरला सतरा द्यायची. डिझेल नव्वदीच्या पुढे, म्हणजे तेच शंभर किलोमीटर पाचशे चाळीसला. लोक म्हणतात विजेची गाडी स्वस्त. स्वस्त असते ती तुमच्या मीटरवरची वीज. रोज बाहेर चार्ज करून धंदा करणार असाल तर शंभर किलोमीटरमागे नव्वद रुपयांसाठी गाडी घेताना सव्वादोन लाख जास्तीचे घालताय. त्यापेक्षा एफडी बरी.

घरी सोलर असेल तर चित्र वेगळं. शेजारच्या दादांनी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं. दिवसाला बारा युनिट तरी होतात. त्यांनी अशी गाडी घेतली तर निम्मी फेरी उन्हावर निघेल. आमच्या खान्देशात दुसरं काही नसेल, ऊन आहे.

ऊन म्हटल्यावर मे महिन्याबद्दल सांगतो. भुसावळचं तापमान बातम्यांत येतं ते सावलीतलं असतं. गाडी उभी असते उन्हात, चालते डांबरावर. कागदावर माझ्या गाडीची धाव १६०च्या घरातली. थंडीत, रस्ता मोकळा असताना, ४५च्या वेगानं मला १२५ मिळाले. मे महिन्यात १०५. फैजपूर ते जळगाव आणि परत, शहरातल्या दुकानांच्या चकरा धरून ११५ च्या वर जातं. म्हणजे मे महिन्यात जळगावच्या दोन फेऱ्या म्हणजे आठवड्यातून दोन वेळा बाहेर चार्जिंग.

एका दुपारी, दोनच्या सुमारास, चार्जिंग स्टेशनवर गन लावली. स्क्रीनवर सुरुवातीला आकडा चांगला चढला. वाटलं तासाभरात निघू. दहा मिनिटांनी वेग अर्ध्यावर, मग त्याच्याही निम्म्यावर. मशीन बिघडलं म्हणून ओरडायला गेलो तर पंपावरचा पोरगा टोपीनं वारा घेत म्हणाला, "बॅटरी तापली काका. ती स्वतःच कमी घेते. चार वाजता या, पटकन होईल." बरोबर होतं त्याचं. तापलेली बॅटरी स्वतःला वाचवायला चार्जिंग हळू करते, यात दोष नाही, शहाणपण आहे. पण माझे दोन तास निंबाखाली गेले, रसवंतीचे तीन ग्लास झाले आणि भुसावळच्या तीन दुकानदारांचे फोन. त्यानंतर मे महिन्यात मी पहाटे पाचला निघायला लागलो. अकराच्या आत घरी. गाडीनं माझी झोपेची वेळ बदलली, आणि बायको म्हणते की चौदा महिन्यांत गाडीनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम.

वेगाबद्दल एक गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. वेफर्सचा माल हलका. बॉडी छतापर्यंत भरली तरी चारशे किलोच्या आत. मला वाटलं हलका माल, जास्त धाव. पण उंच बंद बॉडी म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं कपाट. चौपदरी महामार्गावर साठ-पासष्टनं चालवली की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. तेच अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर खड्ड्यांमुळे चाळीसच्या वर जाताच येत नाही, तिथे धाव जास्त मिळते. खड्ड्यांचा हा एकमेव फायदा मला सापडला आहे.

घाटाची परीक्षा पालला झाली. यात्रेच्या दिवसांत तिथल्या दुकानदारांनी वेफर्स मागवले. खिरोद्याच्या पुढे सातपुड्याचा चढ लागतो. डिझेल गाडीला तिथे दुसऱ्या गिअरमध्ये रडत जावं लागायचं. ही गाडी चढली म्हणजे काय, आवाज नाही, गिअर नाही, पाय दाबला की ओढ. चढाच्या पायथ्याला ७८ टक्के होते, वर ५९. पोटात गोळा आला. पण परतीला रिकामी गाडी, सगळा उतार, पाय उचलला की मोटरच जनरेटर होऊन वीज परत भरते, आणि खाली आलो तेव्हा ६१. ब्रेकला पाय फारसा लागलाच नाही. २६ हजार किलोमीटर झाले, ब्रेक लायनर अजून मूळचे आहेत. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही. चौदा महिन्यांत सर्व्हिसला पाच हजार गेले, डिझेल गाडीला सोळा तरी गेले असते.

टक्क्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एकदा यावलहून येताना १९ होते, दोन किलोमीटरवर एकदम ८. घाम फुटला. या गाड्यांत जी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असते तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती शिल्लक आहे याचा गाडीलाही नीट अंदाज लागत नाही. रोज ऐंशीवर काढत राहिलं की अंदाज अजून चुकतो. आठवड्यातून एकदा रात्रभर लावून शंभर होऊ द्यायची, म्हणजे काटा जागेवर येतो. मोबाइलच्या बॅटरीचं शहाणपण इथे लावू नका. मी लावलं होतं, म्हणून सांगतो.

आता केळीबद्दल, कारण आमच्याकडे पिकअप घेणाऱ्या दहातल्या सात जणांच्या डोक्यात केळीच असते.

मागच्या पावसाळ्यात भावाची कटाई होती. शेतापासून सडकेपर्यंत, जिथे मोठा ट्रक उभा असतो, तिथे माल आणून द्यायचा. ठरलेली गाडी आली नाही. भाऊ म्हणाला, "तुझी उभी आहे ना, आण." मी बंद बॉडीचं मागचं दार काढलं, खाली केळीची पत्ती अंथरली आणि अकरा क्विंटल घड भरले. पासिंगपेक्षा जास्त, मान्य. आमच्या बाजूला पासिंगपुरता माल भरणारी गाडी दाखवा, मी तिचा सत्कार करतो. रस्त्याला लागेपर्यंत शंभर पावलं काळी माती. आदल्या रात्री सरी येऊन गेलेल्या. डिझेल गाडी अशा ठिकाणी हळूहळू ओढ घेते. विजेची मोटर पाय लागताच सगळा जोर चाकाला देते. घाटात ज्याचं मी कौतुक केलं तेच इथे नडलं. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि चार सेकंदांत गाडी अर्ध्या रिमपर्यंत बसली. वर बांध ओलांडताना खाली काहीतरी घासल्याचा आवाज. पोटाखाली बॅटरी असते, हे तेव्हा पहिल्यांदा पोटातून कळलं. भावानं ट्रॅक्टर आणला, दोर लावला, मजुरांनी मागून रेटा दिला आणि आबा बांधावरून म्हणाले, "आता खरी ढकलत आणली."

बॅटरीला काही झालं नव्हतं, खालच्या पत्र्याला खरचटलं होतं. पण त्या दिवशी मी वहीत हिशोब मांडला. आमच्या गावात असं छोटं भाडं क्विंटलला ४० रुपये चालतं. डिझेलची मोठी पिकअप पंचवीस क्विंटल घेते, एका फेरीचे हजार. माझी गाडी कायद्यानं सात-साडेसात घेते, तीनशे रुपये. तेवढाच माल आणायला मला तीन-चार फेऱ्या, आणि दर फेरीला मजूर बसून. इंधनात वाचवलेले पैसे मजुरीत जातात, वर काही जातात. म्हणून मला असं वाटतं की आमच्याकडच्या डिझेल पिकअपचा हिशोब डिझेलवर उभाच नाही. तो जादा मालावर उभा आहे. पाटे टाकून घ्यायचे, टायर जाड घालायचे, दीड टनाच्या हौद्यात अडीच टन भरायचे, आणि देवाचं नाव घ्यायचं. बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण विजेच्या गाडीची तुलना कागदावरच्या डिझेल गाडीशी करून उपयोग नाही. ती रस्त्यावरच्या डिझेल गाडीशी करावी लागते.

बाजारात पर्याय नाहीत असं नाही. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली, नंतर तिचाच एक टन माल नेणारा अवतार आला. जून २०२५ मध्ये एस प्रो ईव्ही आली, साडेसहा लाखांना, १४.४ युनिटांची बॅटरी आणि ७५० किलो. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, आली तेव्हा किंमत ७.५२ लाखांपासून, माल ७६५ किलोपर्यंत. ऑयलरची स्टॉर्म १२५० किलो नेते. आकडे वाचले की लक्षात येतं, यातली एकही बोलेरो पिकअपच्या जागेवर बसायला आलेली नाही. या सगळ्या शहरातल्या दुकानांना माल पोहोचवणाऱ्या गाड्या आहेत. जळगावच्या गोडाऊनमधून फुले मार्केटला जाण्यासाठी उत्तम. शेताच्या बांधासाठी नाहीत.

भाचा अमेरिकेत असतो, त्यानं फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचा फोटो पाठवला, "मामा, ही घ्या." १३१ युनिटांची मोठी बॅटरी मिळायची तिला, माझ्या सहा गाड्यांचं पोट त्या एकीत. आणि तिथेही मागे जड ट्रेलर लावला की धाव निम्म्यावर येते असं लोक सांगतात. २०२२ मध्ये मोठ्या गाजावाजानं आलेली ती गाडी पूर्ण विजेवरची म्हणून बनवणं थांबवत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनं जाहीर केलं. ओझं आणि बॅटरी यांचं भांडण फक्त फैजपूरचं नाही, एवढं समाधान.

लाईटचं राहिलं. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे दरवर्षी वादळ येतं आणि उभी केळी आडवी करून जातं. मागच्या वर्षीही आलं. केळीसोबत खांब पडले. गावात दोन रात्री आणि एक आख्खा दिवस लाईट नव्हती. गाडीत ३४ टक्के होते, जळगावची ऑर्डर भरून तयार. वायरमनला फोन लावून उपयोग नव्हता, तो बिचारा स्वतः चिखलात उभा होता. शेवटी मेव्हण्याला फोन केला. तो सावद्याहून आपली पिकअप घेऊन आला, कॅनमधलं डिझेल ओतत म्हणाला, "दाजी, हे कॅनमध्ये आणता येतं बघा." मी काही बोललो नाही. वेफर्स भरले.

लाईट असली तरी संध्याकाळी सातच्या सुमाराला व्होल्टेज पडतं. चार्जर सुरू होतो, बंद होतो. रात्री अकरानंतर लावला तर सकाळी सहापर्यंत गाडी भरलेली. रिकाम्या बॅटरीला सात तास लागतात, त्यामुळे रात्र पुरते, पण फक्त रात्रच पुरते. दिवसा अचानक दुसरी फेरी निघाली तर गाडी तयार नसते.

आणि हाच तो खर्च, जो मी घेताना धरलाच नव्हता. जुनी गाडी होती तेव्हा जळगावला माल उतरवला की एखादा फोन यायचा. "येता येता दहा कॅरेट घेऊन ये," "वरणगावला पंखे टाकायचे आहेत," "बऱ्हाणपूरला जाशील का, दोन हजार देतो." जायचो. परतीचं भाडं म्हणजे निव्वळ नफा, कारण घरी तर यायचंच होतं. आता फोन आला की आधी काट्याकडे बघतो. ३८ टक्के. नाही म्हणतो. मी वहीत ही नकारांची यादीही ठेवली : चौदा महिन्यांत अकरा मोठी भाडी सोडली, अंदाजे १४ हजार रुपये. आणि दोन-चार वेळा नाही म्हटलं की माणूस पुन्हा फोन करत नाही, ते यादीत लिहिता येत नाही.

एकत्र मांडतो. माझ्या मापाची डिझेल गाडी तेव्हा सव्वासात लाखांत येत होती. वायरिंग-अर्थिंगचा खर्च जमेस धरून विजेच्या गाडीला सव्वादोन लाख जास्त, डीलरनं थोडं कमी केलं तेही धरून. चौदा महिन्यांत इंधन आणि सर्व्हिस मिळून ८५ हजार वाचले. त्यात पहिल्या दोन महिन्यांचा घरच्या मीटरचा मूर्खपणा आणि बाहेरची चार्जिंग वजा आहे. या हिशोबानं तीन वर्षांत फरक फिटतो. जास्तीच्या कर्जाचं व्याज धरलं की सव्वाचार. सोडलेली भाडी धरली की साडेपाच. बॅटरीची वॉरंटी सात वर्षांची, म्हणजे मी वाचलो, पण उडी मारून नाही, सरपटत. रोजची माझी धाव पाऊणशे किलोमीटर आहे. तुमची चाळीस असेल तर वॉरंटी संपेपर्यंत फरक फिटणार नाही.

आज घेणाऱ्याला दोन गोष्टी बदलल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाडीवर आधीपासून ५ होता, तो तसाच. म्हणजे डिझेल गाडी माझ्या वेळेपेक्षा स्वस्त झाली. उलट विजेच्याही छोट्या गाड्या खाली उतरल्या. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ट्रकांना अनुदान देते ते साडेतीन टनांच्या वरच्या, आपल्या मापाच्या गाडीला तिथे जागा नाही. शोरूममध्ये कुणी "सबसिडी येणार आहे" म्हणालं तर ती आल्यावर या असं सांगा.

ही विजेची गाडी विकायला काढली तर किती येतील, हे मी भुसावळच्या गाडी बाजारात विचारून पाहिलं. दलालानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेट उघडायला गेला, आत इंजिन नाही हे आठवून थांबला, आणि म्हणाला, "हिला काय सांगू भाऊ? आवाज ऐकून भाव करतो मी." भाव सांगितलाच नाही.

तरी विकणार नाही. वेफर्सच्या ठरलेल्या फेऱ्यांना हिच्यासारखी गाडी नाही. पहाटे शेडमधून निघताना आईची झोप मोडत नाही. सावद्याच्या गल्लीत दुकानासमोर उभी केली की धुराचा वास मालाला लागत नाही. पूर्वी एक दुकानदार पाकीट हुंगून बघायचा, आता बघत नाही. संध्याकाळी खांदा दुखत नाही, कारण गिअर नाही. जुनी डिझेल गाडी विकली ही मात्र चूक झाली. दोन लाखांसाठी विकली, आणि आता कटाईच्या दिवसांत मेव्हण्याला भाडं देतो.

त्याच मेव्हण्याच्या डोक्यात मागच्या महिन्यात विजेची गाडी शिरली. डिझेलच्या पावत्या जमवून घेऊन आला, "दाजी, महिन्याला सतरा हजार जळतात, सांगा घेऊ का?" मी त्याला एक वही दिली. म्हटलं महिनाभर रोज तीन गोष्टी लिही : किलोमीटर किती, माल किती, आणि वाटेत आलेली किती भाडी घेतलीस. पाचव्याच दिवशी वही घेऊन आला, कंटाळा आला होता त्याला. पहिल्या पानावर त्याच्या मोठ्या अक्षरात तिसरी ओळ होती : "१३६ कि.मी., २८ क्विं., परतीला बऱ्हाणपूरहून कांदा." मी वही मिटली आणि आत चहा टाकायला सांगितला.